मशीनच्या खणातला पाव

मापाच्या बाबतीत मास्तर कुणाच्या बापाला भीत नसत. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढून आत येईपर्यंत त्याची छाती, कंबर आणि बाहीची लांबी मास्तरांच्या डोक्यात नोंदली गेलेली असे. टेप लावायचा तो नुसता गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. "तीस वर्षं शिवतोय, तंग झाला म्हणून एक कपडा परत आलेला नाही," असं ते ज्याला त्याला सांगत, आणि ज्यांचे परत आले होते ते बिचारे सभ्य म्हणून गप्प बसत.

त्या गुरुवारीही सकाळी नऊ वाजता शेजारच्या घड्याळवाल्यानं सहज विचारलं, "काय मास्तर, पोट काय म्हणतंय?"

"पोटाची काय बिशाद आहे म्हणायची?" मास्तर छाती काढून म्हणाले. "दुनियेची मापं घेतो मी, स्वतःच्या पोटाचं राखता येणार नाही? आठ महिने झाले, एक घास इकडचा तिकडे नाही. सोमवारी बघाच तुम्ही."

सव्वानऊला पोटानं उत्तर दिलं. पण ते सांगण्याआधी या पोटाची थोडी कुळकथा सांगायला हवी, नाहीतर पुढचा गोंधळ कळायचा नाही.

एके काळी मास्तरांचं वजन एकशे एकोणतीस किलो होतं. मशीनवर बसले की पाय पायडलला लागायच्या आधी पोट मशीनला लागायचं. पुढे साखर, रक्तदाब आणि गुडघे या तिघांनी मिळून संप पुकारला, तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशन करून जठराच्या तोंडाशी एक रबरी कडं बसवलं. या कड्याची एक डबी पोटाच्या कातडीखाली असते. डबीत सुईनं पाणी भरलं की कडं आवळतं, काढलं की सैल होतं. डॉक्टरांनी चित्र काढून हे सगळं समजावलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "म्हणजे पोटाला नाडी घालणार म्हणा की." डॉक्टरांचा चेहरा जरा उतरला, पण याहून चांगला शब्द त्यांनाही सुचला नाही.

नाडीनं काम चोख केलं. आठ महिन्यांत चौतीस किलो गेले. मास्तरांनी आपल्या सगळ्या पँटी उसवून आत घेतल्या, आणि एका पँटीतून तर स्वतःची नवी पँट काढून वर दुकानाच्या खिडकीला पडदाही काढला.

फक्त जेवण तेवढं गेलं. जेवण म्हणजे आता एक लहान वाटी. छोटा चमचा, प्रत्येक घास वीस वेळा चावायचा, मग थांबायचं, मग पुढचा. जरा घाई केली की घास नाडीपाशी अडकायचा आणि छातीत कुणीतरी खुर्ची टाकून बसल्यासारखं व्हायचं. पावाला तर सक्त मनाई. पाव ओला झाला की त्याचा गोळा होतो, आणि गोळा काही खाली उतरत नाही.

पण मास्तरांचं दुःख खाण्याचं नव्हतं. म्हणजे तेही होतं, खोटं कशाला बोला. पण त्याहून मोठं दुःख ताटाचं होतं.

लग्न झालं तेव्हा मास्तर आणि काकूंकडे एकच ताट होतं. (काकू म्हणजे मास्तरांची बायको. दुकानातली काजं-बटणं आणि तुरपाई त्यांच्याकडे. सगळी गिऱ्हाइकं त्यांना काकू म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू.) पुढे घरात ताटं आली, चांगली डझनभर आली, पण दुपारी एक वाजता मशीन बंद करून, ट्रायलच्या पडद्यामागे कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून एका ताटात जेवायची सवय काही मोडली नाही. मास्तर उजवीकडे, काकू डावीकडे. काकूंच्या बाहीला दोरा ओवलेली सुई टोचलेली. रश्श्यात पाव बुडवायचा, आणि बटाटा एकच उरला की दोघांचे हात त्याच्यावर एकदम जायचे. शेवटचा घास मास्तर काकूंकडे सरकवायचे आणि काकू मास्तरांकडे. "तू घे." "तुम्ही घ्या." बाहेर गिऱ्हाईक खाकरायला लागलं तरी घास आपला ताटात इकडून तिकडे फिरत असायचा.

ऑपरेशननंतर ताट कपाटाच्या वरच्या फळीवर गेलं. मास्तरांना वासाचा त्रास नको म्हणून काकू साडेबारालाच मागच्या खोलीत ओट्यापाशी उभ्या उभ्या जेवून घ्यायच्या, तोंड पुसून यायच्या आणि मास्तर आपली वाटी घेऊन बसले की शेजारी बटणं लावत बसायच्या. आपण जेवलो ते यांना कळत नाही, असा त्यांचा समज होता. मास्तरांना सगळं कळत होतं. तीस वर्षं ज्या बाईच्या उजव्या कोपराचा धक्का खात जेवलो ती आता उभ्यानं चार घास पोटात ढकलते, हे त्यांच्या जिव्हारी लागत होतं. पण बोलायचं कसं? बोललो की ती जेवायचीच सोडायची, अशी त्यांना भीती.

म्हणून हा सोमवार. मागच्या भेटीत दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडम म्हणाल्या होत्या, "कडं जरा जास्तच आवळलंय. येत्या सोमवारी थोडं पाणी काढू. मग अर्धा पाव, रश्श्यात मऊ करून, चालेल तुम्हाला. पण डायरी स्वच्छ हवी हं. मधे चोरून काही खाल्लंत आणि उलट्या झाल्या, तर मी तीन महिने कड्यातल्या पाण्याला हात लावू देणार नाही."

घरी आल्या आल्या मास्तरांनी कटिंगच्या टेबलामागच्या भिंतीवर खडूनं सोमवारपर्यंतच्या रेघा मारल्या आणि काकूंना सांगितलं, "सोमवारी ताट खाली काढ."

काकू फक्त "बरं" म्हणाल्या. पण त्या दिवशी एका शर्टाची सातही काजं त्यांनी बटणांच्या पट्टीवर केली.

आता मास्तरांची एक चोरी सांगतो. ती काकूंनाही ठाऊक नव्हती. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते कोपऱ्यावरच्या बेकरीतून एक ताजा पाव घ्यायचे आणि कागदी पिशवीसकट मशीनच्या खणात ठेवायचे. रिळं, बॉबिन, खडू आणि पाव. दिवसभरात काम डोक्यावरून जायला लागलं की खण चार बोटं उघडायचा, दोरा शोधल्यासारखं करून खाली वाकायचं, एक लांब श्वास घ्यायचा आणि खण बंद करायचा. एवढंच. पावाचा एक कण त्यांच्या तोंडात गेला असेल तर शपथ. संध्याकाळी तो पाव घड्याळवाला घेऊन जायचा आणि चहात बुडवून खायचा. पन्नाशी उलटलेला माणूस खणात तोंड घालून पाव हुंगतो, हे जगाला कळलं तर कात्रीलाही हसू फुटेल, असं मास्तरांना वाटायचं. एका गिऱ्हाइकानं "मास्तर, तुमच्याकडच्या कपड्यांना भाजल्यासारखा वास का येतो?" म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी इस्त्रीवर ढकललं.

तर, गुरुवार, सव्वानऊ.

बँकेचे साहेब कोटाच्या ट्रायलला आले होते. दोन्ही बाह्यांना टाचण्या लावून झाल्या होत्या. मास्तर त्यांच्या कमरेभोवती टेप गुंडाळून आकडा सांगणार, एवढ्यात त्यांच्या पोटात कुणीतरी मशीन उलटं फिरवलं. तोंडाला पाणी सुटलं. ते पाणी पावाच्या वासानं सुटणारं नव्हतं.

"साहेब, हलू नका," एवढंच म्हणून मास्तर मागच्या मोरीकडे धावले. टेप त्यांच्या मुठीतच राहिला. दुसरं टोक साहेबांच्या पट्ट्यात अडकलेलं. साहेब तीन पावलं ओढले गेले, मग टेप सुटला.

मोरीत जे व्हायचं ते झालं. मास्तर तोंड पुसून परत आले. "जरा ठसका लागला."

"ताप आहे का तुमच्या अंगात? घाम आलाय."

"उकडतंय." बाहेर स्वेटर घालायची हवा होती.

पुढच्या अर्ध्या तासात मास्तर चार वेळा मोरीत गेले. एकदा खांद्याचं माप आठवायला, एकदा खडू धुवायला, एकदा नळ गळतो का बघायला, आणि चौथ्या वेळी कारण सांगायला श्वासच नव्हता. सोमवार, एवढं एकच त्यांच्या डोक्यात. काकूंना कळलं की मॅडमना कळणार, मॅडमना कळलं की तीन महिने. मोरीच्या भिंतीला डोकं टेकून ते पोटाला हळूच म्हणाले, "बाबा रे, चार दिवस थांब. फक्त चार दिवस."

पोट कसलं थांबतंय? सहाव्या वेळी काकू मोरीच्या दारात उभ्या होत्या.

"किती वेळा झालं?"

"पहिल्यांदाच."

"साहेब म्हणतात सहा."

तिथे टाचण्यांनी भरलेले साहेब ओशाळून म्हणाले, "मी सहज मोजत होतो."

काकूंनी मास्तरांना स्टुलावर बसवलं आणि दवाखान्याची फाइल शोधायला मशीनचा खण ओढला. मास्तर "तिथे नाही, तिथे नाही" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. काकूंच्या हातात कागदी पिशवी. पिशवीत पाव. आणि पावाचं वरचं कवच एका बाजूनं फुटलेलं, कारण सकाळी घाईत खण बंद करताना तो चेंगरला होता. पण दिसायला कुणी अंगठ्यानं तुकडा मोडून घेतल्यासारखंच दिसत होतं.

पिशवीचं तोंड दुमडून काकूंनी ती पर्समध्ये टाकली. त्या बोलल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

दवाखान्यात आधी नर्सनं विचारलं, "काय खाल्लं?"

"काही नाही. सकाळी अर्धी वाटी खिमट."

"आणखी?"

"काही नाही."

मग मॅडम आल्या. डायरी चाळली. "मास्तर, मी रागावणार नाही. काय खाल्लंत?"

मग डॉक्टर आले. "हे बघा, हे नीट कळणं गरजेचं आहे. पोट संसर्गानं बिघडलं असेल तर एक उपाय, आणि काही अडकलं असेल तर दुसरा. उलट्यांनी कडं जागेवरून सरकलं तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल. तेव्हा खरं सांगा."

"खरंच सांगतो डॉक्टर. काही खाल्लं नाही."

काकूंनी पर्स उघडली आणि कागदी पिशवी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं पिशवी उघडली. तिघांनी आत डोकावलं. चेंगरलेला पाव बघून तिघांनीही एकदम मान हलवली.

आता मास्तरांपुढे दोनच रस्ते होते. हा पाव मी हुंगायला ठेवतो, हे चारचौघांत, बायकोसमोर सांगायचं, नाहीतर खाल्ला म्हणायचं. खाणारा माणूस चोर ठरतो. हुंगणारा काय ठरतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. शिवाय सोमवार आता गेलाच होता. चारदा खरं सांगून कुणी ऐकलं नाही, तेव्हा थकल्या माणसानं करावं तेच त्यांनी केलं.

"खाल्लं," मास्तर म्हणाले. "काल दुपारी."

मॅडमनी पेन उचललं. "काय काय?"

मास्तरांनी डोळे मिटले. खरं तर 'एक पाव' एवढं म्हणून थांबायचं. पण आठ महिन्यांचं उपाशी तोंड, त्याला लगाम कोण घालणार?

"पाव. भट्टीतून नुकता निघालेला. तो कापायचा नाही, हातानं तोडायचा, म्हणजे आतून वाफ येते. आणि कोंबडीचा रस्सा. वर लाल तवंग. त्यात बटाटे, रस्सा पिऊन पिऊन आतपर्यंत रंगलेले. पाव रश्श्यात सगळा नाही बुडवायचा. खालची बाजू भिजली पाहिजे आणि वरची कुरकुरीत राहिली पाहिजे. मग तो तोंडात घातला की..."

"किती पाव?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन."

नर्सनं आवंढा गिळला.

"बटाटे?"

"चार. म्हणजे पुरते चार नाही म्हणता येणार. चौथ्यावर दोघांचे हात एकदम गेले."

"दोघांचे?" हा आवाज काकूंचा होता.

मास्तर कुठल्या कुठे पोचले होते. त्यांना दवाखाना दिसत नव्हता. "ती डावीकडे बसली होती. बाहीला सुई, सुईचा दोरा लोंबत होता. रश्श्यात जाईल म्हणून मी तो उचलून तिच्या खांद्यावर टाकला. शेवटी एक घास राहिला. मी म्हटलं, तू घे. ती म्हणाली, तुम्ही घ्या. मी पुन्हा तिच्याकडे सरकवला..."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. मास्तरांनी डोळे उघडले तर काकू दारात होत्या.

"काल दुपारी मी बटणं आणायला बाजारात गेले होते," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "हे लिहून घ्या." आणि बाहेर निघून गेल्या.

मास्तर उठायला गेले, तर नर्सनं त्यांना पुन्हा आडवं केलं. तीन पाव आणि चार बटाटे या हिशेबानं डॉक्टरांची झोप उडाली होती. एवढ्या अन्नानं कडं सरकलं नसेल तर नवलच. त्यांनी मास्तरांना पांढरं, खडूसारखं औषध घोट घोट प्यायला दिलं आणि पोटाचे फोटो काढले. तीस वर्षं खडूनं लोकांच्या अंगावर खुणा केल्या, आज तो पोटात गेला, असं मास्तरांच्या मनात आलं. पण हसायला काकू शेजारी नव्हत्या.

फोटो आले. डॉक्टरांनी ते उजेडात धरले, उलटे धरले, मॅडमना दाखवले.

"कडं जागेवर आहे," ते म्हणाले. "पण एवढं अन्न तिथून गेल्याची एकही खूण नाही. मास्तर, तीन पाव गेले कुठे?"

मास्तर काही बोलणार, एवढ्यात दारातून घड्याळवाल्यानं डोकं आत घातलं. "मास्तर, दुकानाची किल्ली द्या. तुम्ही गडबडीत बाहेरून कुलूप घातलंत आणि बँकेचे साहेब आतच आहेत. टाचण्यांसकट. खिडकीतून हात हलवतायत."

"तुम्ही यांचे शेजारी ना?" डॉक्टर वैतागून म्हणाले. "हे रोज पाव खातात का?"

"पाव? छे. तो तर मी खातो रोज संध्याकाळी." घड्याळवाला सरळ माणूस. "हे फक्त हुंगतात. खणात तोंड घालून. मी खिडकीतून बघतो ना. आधी वाटलं, डोळे कमजोर झाले म्हणून दोरा शोधतात. मग एक दिवस डोळ्यांत पाणी दिसलं, तेव्हा कळलं."

मास्तरांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"आणि पोटाचं म्हणाल तर," घड्याळवाला जाता जाता म्हणाला, "मंगळवारी मलाही हेच झालं होतं. दिवसभर मास्तरांच्याच मोरीत होतो. ग्लासही त्यांचाच. साथ आहे म्हणतात सगळीकडे."

मॅडमनी डायरीत लिहिलेले तीन पाव आणि चार बटाटे सावकाश खोडले. खोडताना त्यांनी मास्तरांकडे बघितलं नाही, हे त्यांचे उपकार.

डॉक्टरांनी कातडीखालच्या डबीत सुई घातली आणि सगळं पाणी काढून घेतलं. "उलट्यांत कडं आवळलेलं ठेवणं धोक्याचं. पंधरा दिवस ते रिकामंच राहू दे. आता नुसतं पाणी आणि पातळ पेज."

"आणि सोमवारी?" मास्तरांनी चादरीतून विचारलं.

डॉक्टरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "पोट शांत झालं तर सोमवारी पाव चालेल. अर्धा नाही, आख्खा खा. पण वीस वेळा चावून."

मास्तर भिंत धरत बाहेर आले. काकू बाकावर बसल्या होत्या. त्यांनी आपला डावा हात वर धरला होता आणि त्या बाहीकडे बघत होत्या. बाहीला सुई टोचलेली होती, दोरा ओवलेली. सकाळच्या घाईत काढायची राहून गेली होती.

"गल्लीतल्या सगळ्या बायका आठवून झाल्या," काकू म्हणाल्या. "बाहीला सुई लावून जेवणारी एकही सापडेना. मग हे टोचलं."

"पाव मी खाल्ला नाही गं."

"ऐकलं मी. दार उघडंच होतं." काकूंनी सुई काढून पुन्हा तिथेच टोचली. "मला सांगायचं तरी. मी काय हसले असते?"

"तू उभ्यानं जेवतेस ते मला सांगितलंस?"

काकू हळूच म्हणाल्या, "एकटीनं ताट वाढून बसवत नाही हो. बसलं की डावीकडेच बसलं जातं, आणि उजवीकडे मोकळं दिसतं. मग घास उतरत नाही. उभ्यानं कसा तरी जातो."

मास्तर त्यांच्या उजवीकडे बसले. आपली बायको आठ महिने आपल्याइतकीच उपाशी होती, तीही पोटाला नाडी न घालता, हे त्यांना त्या बाकावर पहिल्यांदा नीट समजलं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

शनिवारी मास्तरांचं पोट थांबलं. रविवारी त्यांनी भिंतीवरची शेवटून दुसरी रेघ पुसली आणि साहेबांचा कोट पूर्ण केला, आत शिवणीला दोन बोटं जास्तीची माया सोडून. साहेब खिडकीतून हात हलवत होते ते काही त्यांच्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं.

सोमवार उजाडला. कोपऱ्यावरून पाव आला, आज एक नाही, दोन. ते खणात गेले नाहीत, राजरोस टेबलावर बसले. काकूंनी सकाळीच कोंबडीचा रस्सा चुलीवर चढवला, बटाटे जरा जास्तच घातले, आणि स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं ताट खाली काढलं. ताट धुतलं, पुसलं, ट्रायलच्या पडद्यामागे गठ्ठ्यांसमोर ठेवलं. मास्तरांनी साडेबारालाच मशीन बंद केलं आणि दारावर 'जेवण चालू आहे' अशी पाटी लावली. तीस वर्षांत त्यांनी अशी पाटी लावली नव्हती.

पावणेएकला काकू रश्श्याचं पातेलं उतरवायला उठल्या, तशाच थांबल्या, पदर तोंडाला लावला आणि मोरीकडे धावल्या.

मास्तर मोरीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"किती वेळा झालं?"

"सकाळपासून तीन." आतून क्षीण आवाज आला. "तुम्हाला सांगितलं नाही. आजचा दिवस..."

मास्तरांना कळवळून आलं. पण माणूस शेवटी माणूस आहे. त्यांनी घसा साफ केला आणि डॉक्टरांच्या आवाजात म्हणाले, "हे बघा, मी रागावणार नाही. काय खाल्लंत? खरं सांगा."

आतून एक प्लास्टिकचा मग आला. तो मास्तरांनी वरच्या वर झेलला.

मग त्यांनी काकूंना गठ्ठ्यांवर टेकवून बसवलं, डावीकडे. डॉक्टरांना फोन लावला. "घोट घोट पाणी, आणि राहिलं तर पेज," डॉक्टर म्हणाले. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा पेज शिजवली. तांदूळ किती, पाणी किती, काही अंदाज नव्हता. पहिली पेज इतकी घट्ट झाली की तिचं बटण करता आलं असतं. दुसरी जमली.

रश्श्याचं पातेलं समोर होतं. पाव समोर होते. मास्तरांचं कडं रिकामं होतं, पोट बरं होतं, आणि दवाखान्याची परवानगी होती. आठ महिन्यांत त्यांनी ज्याची वाट पाहिली ते सगळं हाताच्या अंतरावर वाफाळत होतं. काकू म्हणाल्या, "तुम्ही जेवा. माझ्यासाठी थांबू नका. मी बसते ना शेजारी."

मास्तरांनी पातेल्यावर झाकण घातलं. खिडकीतून घड्याळवाल्याला हाक मारली आणि पातेलं, दोन्ही पाव त्याच्या हातात दिले. घड्याळवाला तीन वेळा "नक्की ना?" म्हणाला, पण चौथ्यांदा म्हणायला थांबला नाही.

मग मास्तरांनी आपली लहान वाटी ताटात ठेवली, वाटीत अर्ध्यापर्यंत पेज ओतली, दोन छोटे चमचे आणले आणि काकूंच्या उजवीकडे बसले.

"हळू," ते म्हणाले. "वीस वेळा चाव."

"पेज काय चावायची?"

"मी आठ महिने चावतोय."

एक चमचा काकूंनी घेतला, एक मास्तरांनी. थांबायचं. मग पुढचा. काकूंच्या बाहीचा दोरा लोंबत होता, तो मास्तरांनी उचलून त्यांच्या खांद्यावर टाकला. अर्धी वाटी संपायला पाऊण तास लागला. दारावर दोन गिऱ्हाइकं पाटी वाचून गेली. शेवटी वाटीच्या तळाशी एक चमचा उरला.

"तू घे," मास्तर म्हणाले.

"तुम्ही घ्या. मला खरंच जात नाही."

"मलाही जागा नाही."

"तुम्हाला जागा नाही? आज?"

"घे गं."

तो चमचा बराच वेळ तसाच राहिला.

संध्याकाळी मास्तरांनी डायरीत प्रामाणिकपणे लिहिलं: 'दुपारी: पेज, अर्धी वाटी, दोघांत.' पुढच्या भेटीत मॅडमनी तेवढ्या ओळीला लाल गोल केला आणि समोर लिहिलं, 'दोघांत म्हणजे तुमच्या वाट्याला नेमकी किती? माप लिहा.'

मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढली, बराच विचार केला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा कबूल केलं: 'मोजलं नाही.'